चर्चेनुसार

फायलीच्या डाव्या बाजूला, पान नऊवर,
माझंच अक्षर आहे:
'खाडीचं तोंड दर दहा-बारा वर्षांनी सरकतं
असं स्थानिक सांगतात. जागेचा फेरविचार व्हावा.
पताका क पहावी. आदेशार्थ सादर.'

स्थानिक म्हणजे इब्राहीम होडेकर.
मला होडीत घालून नेलं होतं त्याने ओहोटीला,
वल्हं उभं रोवून दाखवलं होतं
चिखल कुठवर जातो ते.
वल्हं संपलं, चिखल संपला नाही.

निमकर साहेबांनी खाली दोनच शब्द लिहिले,
हिरव्या शाईत:
चर्चा करावी.

सरकारात जे लिहायचं नसतं
त्याला चर्चा म्हणतात.
ती झाली खारवड्याच्या डाक बंगल्यावर.
आचारसंहितेला अठरा दिवस होते,
कोनशिला कोरून आलीसुद्धा होती,
बाहेर टेम्पोत, गोणपाटाखाली.
मंत्री रागावले, असं म्हटलं तर खोटं होईल.
'तोडणकर, तुम्ही इथलेच ना?' एवढंच म्हणाले,
'मग गावाला जेट्टी नको?'
आणि माझ्या ताटात सरंग्याची आणखी एक तुकडी
वाढायला सांगितली.
निमकर साहेब खाली मान घालून काटे काढत राहिले.
कोणी 'करा' म्हणालं नाही.
'करू नका' म्हणायला तिथे मी होतो.
मी सोलकढी मागितली.

सकाळी पान दहावर लिहिलं:
'चर्चेनुसार, जागा योग्य आहे.'
आपल्या भाषेत असं वाक्य
कर्त्यावाचून खुशाल उभं राहतं.
जेट्टीला मात्र खाली खडक लागतो.

दुसऱ्या श्रावणात, अवसेच्या उधाणाला,
ती आधी गुडघ्यांवर बसली,
मग कुशीवर झाली.
इब्राहीमची होडी तिलाच बांधलेली होती.
दोर सोडायला त्याचा पुतण्या धावला.
पुतण्याचा पाय गेला, घोट्यापासून.

मंत्री आले. पावसाचा जोर होता, छत्री मी धरली.
कॅमेऱ्यासमोर ते म्हणाले,
'एकाही दोषी अधिकाऱ्याला पाठीशी घालणार नाही.'
मी त्यांच्या पाठीशीच होतो,
एका हाताने दुसरं मनगट घट्ट धरून,
छत्री हलू नये म्हणून.

अधिवेशनात प्रश्न लागला.
खारवडे येथील जेट्टी कोसळली, हे खरे आहे काय?
असल्यास, त्यास जबाबदार कोण?
उत्तराचा मसुदा माझ्याच टेबलावरून गेला:
'हे अंशतः खरे आहे.'
मंत्र्यांनी तो सभागृहात वाचला, एकही शब्द न अडखळता.
(मला जरा बरं वाटलं होतं. तेही इथे नोंदवतो.)

चौकशीत विचारलं, चर्चा कोणाशी?
म्हणालो, आठवत नाही.
त्यावर माझी सही आहे, मराठीत, पूर्ण.
माझ्या दोन वेतनवाढी गेल्या.
निमकर साहेब बढतीवर नागपूरला गेले.
मंत्र्यांकडे हल्ली दुसरं खातं आहे.
ओहोटीला तिसरा खांब अजून वर येतो,
त्यावर कावळे बसतात, पोरं तिसऱ्या खरवडतात.

इब्राहीम मला एकदाच भेटला, बाजारात.
'तुला म्हायत व्हता,' म्हणाला.
पुढचं बोलला नाही, पिशवी उचलून गेला.

काल त्याची नात आली, शमीम.
माहितीचा अर्ज केला होता तिने,
दहा रुपयांचा स्टॅम्प लावून.
'सदर अभिलेख आढळून येत नाही.'
तो कागद माझ्या टेबलावर ठेवला
आणि उभी राहिली. बसा म्हटलं तरी.

पान नऊ आणि दहाच्या झेरॉक्स
एवढी वर्षं कपाटात आहेत, विम्याच्या कागदांखाली.
त्या काढल्या.
एका कोऱ्या कागदावर लिहायला घेतलं:
चर्चेला हजर, एक, स. भि. तोडणकर, शाखा अभियंता.
मग निमकर साहेब.
मग मंत्र्यांचं नाव, 'मा.' लिहून खोडलं,
मग पुन्हा लिहिलं, सवय जात नाही.
स्थळ, वेळ, कोण काय बोललं,
कोण काय बोललं नाही.
सही केली.

तिने उभ्याउभ्याच दोनदा वाचलं.
'तारीख राहिली,' म्हणाली,
आणि स्वतःचं पेन पुढे केलं.